महाविद्यालयीन शिक्षणात जगातील धर्मांचा अभ्यास

इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र या विषयांत पदवी घेता येते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ‘धर्म’ हाही पदवी पातळीवरील अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय आहे, आणि जगातील अनेक विद्यापीठांत तो शंभराहून अधिक वर्षे शिकविला जात आहे, याची मात्र फारशी कल्पना नसते. या विषयाला कोठे ‘तौलनिक धर्माभ्यास’, कोठे ‘जागतिक धर्म’, तर कोठे नुसताच ‘धर्माभ्यास’ असे नाव आहे. हा विषय कसा उदयास आला, भारतीय कायद्यात त्याचे स्थान काय, त्यात नेमके काय शिकविले जाते आणि श्रद्धावान विद्यार्थ्याने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

धर्मशिक्षण आणि धर्माभ्यास

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रविवारी धर्मग्रामात मुलांना आपण जे देतो ते धर्मशिक्षण होय. श्रद्धेत वाढ व्हावी, प्रार्थनेची गोडी लागावी, संस्कार योग्य तयारीने स्वीकारले जावेत, हा त्याचा हेतू असतो. मदरशात, गुरुद्वारात, बुद्धविहारात किंवा कीर्तनाच्या फडावर जे शिकविले जाते त्याचाही हेतू आपापल्या परीने हाच असतो. धर्माभ्यासाचा हेतू याहून वेगळा आहे. माणसे काय मानतात, का मानतात, त्यानुसार कशी जगतात आणि काळाच्या ओघात त्यांच्या मानण्यात कसा बदल होत गेला, हे प्रामाणिकपणे जाणून घेणे एवढेच त्याचे काम आहे. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याकडून श्रद्धेची कबुली मागितली जात नाही, तसेच त्याने आपली श्रद्धा दाराबाहेर सोडून यावी अशीही अपेक्षा नसते. त्याच्या उत्तरपत्रिकेचे मूल्यमापन ज्ञानावरून होते, भक्तीवरून होत नाही.

हा भेद लक्षात न घेतल्यामुळे दोन प्रकारची भीती निर्माण होते. धर्म वर्गात आला की प्रचार सुरू होईल, असे काहींना वाटते. इतर धर्म शिकले की मुले स्वतःच्या धर्मापासून दुरावतील, असे इतरांना वाटते. या दोन्ही शंकांचा विचार पुढे केला आहे.

विषयाचा उदय

आधुनिक अर्थाने या विषयाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. संस्कृत पंडित माक्स म्युलर यांनी १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘धर्माचे विज्ञान’ या विषयावर व्याख्याने दिली. नेदरलँड्समधील १८७६ च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर लायडन व अ‍ॅमस्टरडॅम येथे धर्मांच्या इतिहासाची अध्यासने निर्माण झाली. म्युलर यांनी संपादित केलेली पौर्वात्य धर्मग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांची माला १८७९ ते १९१० या काळात पन्नास खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील भगवद्गीतेचा अनुवाद १८८२ साली एका मराठी माणसाने केला, ही गोष्ट आपण आवर्जून लक्षात ठेवावी. ते अनुवादक म्हणजे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग.

१८९३ साली शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंद यांच्याप्रमाणेच सिंहलद्वीपाचे बौद्ध प्रतिनिधी अनागारिक धर्मपाल आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर, जैन धर्माचे प्रतिनिधी वीरचंद गांधी हेही तेथे बोलले. त्यापूर्वी पाश्चात्त्य अभ्यासक आशियातील धर्म प्रामुख्याने ग्रंथांतून वाचीत होते. या परिषदेत त्या धर्मांचे अनुयायी आपल्या धर्माविषयी स्वतः बोलू लागले.

विसाव्या शतकात दोन घटनांनी विषयाला वेग दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सरकारी शाळांतील भक्तिपर बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. परंतु त्याच निकालात, धर्मांचा तौलनिक व ऐतिहासिक अभ्यास शिक्षणक्रमाचा भाग म्हणून वस्तुनिष्ठपणे करण्यास आडकाठी नाही, असेही स्पष्ट केले. त्यानंतर तेथील सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग झपाट्याने वाढले. ब्रिटनमध्ये १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांच्या नेतृत्वाखाली धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. हिंदू, बौद्ध, इस्लाम व ख्रिस्ती या धर्मांना एकाच अभ्यासक्रमात समान गंभीरतेने स्थान देण्याचा पायंडा त्यामुळे पडला.

विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण

मराठी वाचकांसाठी या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे आहे. २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे जन्मलेल्या शिंदे यांनी १८९८ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.ए. केले. प्रार्थनासमाजाकडे ते ओढले गेले आणि युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. विद्यार्थ्याने अमुक एका पंथाच्या मतांना मान्यता दिलीच पाहिजे, अशी अट या संस्थेत नव्हती. तेथे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर हे पाली भाषेचे जाणकार तौलनिक धर्माचे अध्यापन करीत. म्हणजे जन्माने मराठा असलेला एक हिंदू पदवीधर इंग्लंडमध्ये एका ख्रिस्ती विद्वानाकडून बौद्ध धर्माचेही धडे घेत होता.

शिंदे १९०३ साली परतले आणि प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केले. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. धर्मांच्या अभ्यासाने ते आपल्या समाजापासून तुटले नाहीत. उलट, आपल्याच समाजातील जो अन्याय धर्माच्या नावाने चालत होता, त्याची ऐतिहासिक छाननी करण्याचे बळ त्यांना मिळाले. अभ्यास आणि सेवा यांची अशी सांगड पडलेली पाहिली, म्हणजे हा विषय केवळ पुस्तकी आहे हा आक्षेप टिकत नाही.

त्याच काळात धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ ते १९१८ या वर्षांत फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि बौद्ध ग्रंथांचा मूळ भाषेतून अभ्यास मराठी विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणला. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी तौलनिक धर्माभ्यासासाठी आल्बन विजरी यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक केली होती. या विषयाची बीजे आपल्या भूमीत अशी फार पूर्वीच पडली होती.

राज्यघटना, आयोग आणि न्यायालये

‘धर्मनिरपेक्ष देशात महाविद्यालयात धर्म शिकविता येतो काय?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात शोधावे लागते. संपूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास हा अनुच्छेद मनाई करतो. विशिष्ट दानपत्राखाली वा न्यासाखाली स्थापन झालेल्या आणि शासन चालवीत असलेल्या काही संस्थांना त्यातून वगळले आहे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

ही मनाई धर्मशिक्षणास आहे, धर्माभ्यासास नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत मान्य केले आहे. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठासंबंधीच्या १९७१ च्या खटल्यात, गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा शैक्षणिक अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय प्रकरणात, शालेय अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय आराखड्यातील धर्मांविषयीच्या शिक्षणाला घेतलेली हरकत न्यायालयाने फेटाळली. शिकवण्याच्या नावाखाली विशिष्ट मते विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविली जाऊ नयेत, याची दक्षता घेणेही त्या निकालात आवश्यक मानले आहे.

पदवी पातळीसाठी तर स्वातंत्र्यानंतर लगेचच एक आराखडा तयार झाला होता. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या आपल्या अहवालात तीन वर्षांची योजना सुचविली. पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, झरथुष्ट्र, येशू, शंकराचार्य, महंमद, कबीर, नानक आदी थोर पुरुषांची चरित्रे. दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतून निवडलेले, सर्वांना आपलेसे वाटतील असे उतारे. आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रमुख प्रश्न, अशी ती होती. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानेही धर्मशिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतील फरक मान्य केला आणि विद्यापीठांतील तौलनिक धर्माच्या विभागांनी योग्य साहित्य तयार करावे, असे सुचविले. १९६७ साली पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. देशभरातील सर्वसामान्य पदवी महाविद्यालयांत मात्र राधाकृष्णन आयोगाची योजना कधी रुजली नाही.

त्या योजनेतील एक उणीवही येथे नोंदविली पाहिजे. सर्वांना पटतील असेच उतारे निवडले, तर सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात असा विद्यार्थ्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. देव मानव झाला, ही ख्रिस्ती श्रद्धा इस्लामला मान्य नाही. आत्म्याच्या नित्यतेविषयी वेदान्त आणि बौद्ध विचार यांत मूलभूत मतभेद आहे. हे भेद झाकून ठेवल्याने आदर निर्माण होत नाही. मतभेद नीट समजून घेऊनही शेजाऱ्याशी सौजन्याने वागता येते, हे शिकणे हेच खरे शिक्षण होय.

वर्गात काय शिकविले जाते?

सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी प्रमुख धर्मांचा परिचय असतो : हिंदू, बौद्ध, जैन, शीख, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी, तसेच चीन व जपानमधील परंपरा आणि आदिवासींचे धर्म. पुढील वर्षांत एखाद्या धर्माचा सखोल अभ्यास, मूळ ग्रंथांचे वाचन, समाजशास्त्र व मानववंशशास्त्र यांच्या पद्धती आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य येते. गंभीर विद्यार्थ्याला एखादी ग्रंथभाषा शिकावी लागते : संस्कृत, पाली, अर्धमागधी, अरबी, हिब्रू, ग्रीक किंवा अवेस्ता.

अभ्यासाची चौकट म्हणून निनियन स्मार्ट यांनी सांगितलेली सात अंगे बहुतेक ठिकाणी वापरली जातात. ती अशी : विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती, समाजसंस्था आणि भौतिक वस्तू. आपल्या परिचयाच्या पंढरीच्या वारीला ही चौकट लावून पाहू. आळंदी-देहूहून पालखीबरोबर चालणे आणि आषाढी एकादशीचा उपवास हा विधी. आईवडिलांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकाने विटेवर देवाला उभे केले, ही कथा. नामस्मरणात देहभान हरपणे हा अनुभव. सगुण आणि निर्गुण यांच्या ऐक्याची शिकवण हा सिद्धांत. माळ घातल्यावर मद्यमांस वर्ज्य करणे ही नीती. दिंडी, फड व विणेकरी ही समाजसंस्था. टाळ, वीणा, पताका व तुळशीची माळ या भौतिक वस्तू. एवढ्यावर अभ्यास थांबत नाही. चोखामेळ्याची समाधी मंदिराबाहेर का आहे, आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण का करावे लागले, हेही विद्यार्थ्याने विचारायचे असते. धर्माच्या आत चालणारा संघर्ष हा त्या धर्माचाच भाग असतो.

हीच सात अंगे आपल्या एखाद्या धर्मग्रामाच्या सणाला लावून पाहिल्यास, रोजच्या परिचयाने जे दिसेनासे झाले आहे तेही नव्याने दिसू लागते.

पाठ्यपुस्तकांच्या मर्यादा

‘जागतिक धर्म’ ही वर्गवारी सोयीची असली तरी ती अपुरी आहे, अशी टीका गेल्या काही दशकांत अभ्यासकच करीत आहेत. तोमोको मासुझावा यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, ही संकल्पना एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विचारातून कशी घडली, हे दाखविले. प्रत्येक धर्माला एक संस्थापक, एक ग्रंथ आणि काही ठराविक सिद्धांत असलेच पाहिजेत, असा साचा त्यातून तयार झाला. जिवंत माणसे या साच्यात बसत नाहीत.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. बौद्ध धर्माचे प्रकरण बहुधा थेरवाद, महायान व वज्रयान या तीन शाखांत आटोपले जाते. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. त्यांचा धम्म समजण्यासाठी बावीस प्रतिज्ञा आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचावा लागेल. तीन शाखांची माहिती तेथे पुरणार नाही.

दुसरे उदाहरण बेने इस्रायल समाजाचे. कोकणातील हे यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. आडनावे गावांवरून पडलेली. आणि संदेष्टा एलिया याच्या स्मरणार्थ होणारा ‘मलिदा’ हा त्यांचा खास विधी. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. यहुदी धर्म म्हणजे युरोपातील किंवा मध्यपूर्वेतील काहीतरी दूरचे, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला अलिबागच्या परिसरातच त्याचे मराठी रूप भेटते.

अभ्यासकाची आचारसंहिता

स्वीडनचे ल्यूथरन बिशप व बायबलचे अभ्यासक क्रिस्तर स्टेंडाल यांनी १९८५ च्या सुमारास तीन सूत्रे सांगितली, ती या विषयाच्या वर्गांत आजही उद्धृत केली जातात. त्यांचा आशय असा : एखादा धर्म समजून घ्यायचा असेल तर त्याच्या अनुयायांना विचारावे, विरोधकांना नव्हे. आपल्याकडील उत्तम गोष्टीची तुलना दुसऱ्याकडील वाईट गोष्टीशी करू नये. आणि दुसऱ्याच्या धर्मातील एखाद्या गोष्टीचा आपल्याला पवित्र हेवा वाटावा, इतकी जागा मनात ठेवावी.

दुसरे सूत्र बोलायला सोपे, पण आचरणाला कठीण आहे. संत फ्रान्सिस यांच्या शेजारी दुसऱ्या धर्मातील दंगलखोर उभा करणे किंवा तुकोबांच्या शेजारी आपल्या इतिहासातील धर्मन्यायासने उभी करणे, दोन्ही अन्यायाचेच. संतांची तुलना संतांशी आणि अपराधांची तुलना अपराधांशी व्हावी.

क्षेत्रभेटीसाठीही काही पथ्ये आहेत. गुरुद्वारात व यहुदी प्रार्थनामंदिरात मस्तक झाकावे. मशिदीत नमाजाच्या वेळी मध्ये फिरू नये. पारशी अग्यारीत इतर धर्मीयांना प्रवेश नसतो. तेथे बाहेरूनच परतणे हाही अभ्यासाचा एक भाग आहे. मिस्साला आलेल्या पाहुण्या विद्यार्थ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर हा प्रसाद वाटण्याचा संभव असतो. ते स्वीकारण्यासाठी रांगेत येऊ नये, हे आधीच आणि प्रेमाने सांगितले, तर कोणाचाही अवमान होत नाही आणि त्या विश्वासाचे महत्त्वही पाहुण्यांच्या ध्यानात येते.

श्रद्धेला धोका आहे काय?

अनेक पालक हा प्रश्न मनात ठेवतात, पण विचारीत नाहीत. त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. अपुऱ्या धर्मशिक्षणावर हा अभ्यास आला, तर विद्यार्थी गोंधळू शकतो. दुसऱ्याच्या धर्मावर पाच शोधनिबंध वाचलेल्या, परंतु स्वतःच्या धर्माचे ज्ञान पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीपाशीच थांबलेल्या तरुणाची ओढाताण होणे स्वाभाविक आहे. यावर उपाय म्हणजे आपले धर्मशिक्षण प्रौढ वयापर्यंत चालू ठेवणे. ग्रंथालयाला कुलूप घालून हा प्रश्न सुटत नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली ख्रिस्तीतर धर्मांसाठी स्वतंत्र सचिवालय स्थापन केले. २०२२ पासून ते आंतरधर्मीय संवादाचे खाते म्हणून ओळखले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा संमत केला. हिंदू, बौद्ध, इस्लाम व यहुदी या धर्मांचा त्यात नामनिर्देशपूर्वक विचार केला असून, या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी भूमिका घेतली आहे. ख्रिस्ताची साक्ष देण्याचे कर्तव्य त्याच जाहीरनाम्यात तेवढ्याच ठामपणे सांगितले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात, हाच त्याचा अर्थ. धर्मगुरूपदाच्या उमेदवारांना सेमिनरीत इतर धर्मांचा अभ्यास करावा लागतो. जे ज्ञान धर्मगुरूंसाठी आवश्यक मानले जाते, ते बहुधर्मीय वस्तीत, कचेरीत आणि रुग्णालयात आयुष्य घालविणाऱ्या प्रापंचिकांसाठी अनावश्यक कसे ठरेल?

पुढील वाट

या विषयाची पदवी मिळाली म्हणजे अमुक नोकरी ठरलेली, असे नाही. परंतु पत्रकारिता, अध्यापन, प्रशासन, समाजकार्य, वस्तुसंग्रहालये, रुग्णसेवा आणि कायदा या क्षेत्रांत त्याचा थेट उपयोग होतो. मरणासन्न रुग्णाच्या कुटुंबाला काय हवे आहे हे ओळखणारी परिचारिका, किंवा मिरवणुकीच्या मार्गावरून उठलेली अफवा वेळीच ओळखणारा अधिकारी, यांच्या ज्ञानाची किंमत समाजाला प्रसंग आल्यावरच कळते.

स्वतंत्र पदवी उपलब्ध नसली तरी वाटा आहेत. तत्त्वज्ञान, इतिहास, पाली, संस्कृत व प्राचीन भारतीय संस्कृती या विषयांतून धर्माभ्यासाकडे वळता येते. मुंबईच्या संत झेवियर महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली स्थापन केलेली संशोधन संस्था आणि १९१६ साली स्थापन झालेली के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था ही अभ्यासाची जुनी केंद्रे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत इतर शाखांतील विषय निवडण्याची मुभा दिली आहे. आपल्या महाविद्यालयांनी मनावर घेतले, तर विज्ञान व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीही जगातील धर्मांचा एखादा अभ्यासक्रम सुरू करणे शक्य आहे. मराठीत विनोबा भावे यांची कुराण व ख्रिस्तधर्म यांवरील सारग्रंथांची परंपरा आहे. तिच्या जोडीला आजच्या विद्यार्थ्याला वाचता येईल असे पाठ्यपुस्तक हवे आहे, आणि ते निरनिराळ्या धर्मांच्या जाणकारांनी एकत्र बसून लिहिले पाहिजे.

आपली मुले शेजाऱ्याच्या धर्माविषयी कोठून तरी शिकणारच आहेत. मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशांतून शिकायचे, की वर्गात, ग्रंथ समोर ठेवून आणि त्या धर्माच्या माणसाला विचारून शिकायचे, एवढीच निवड आपल्या हाती आहे. कायद्याने ही वाट मोकळी ठेवली आहे आणि ख्रिस्तसभेने तिला आशीर्वाद दिला आहे. बारावीच्या निकालानंतर विषय निवडताना पालकांनी व विद्यार्थ्यांनी या वाटेचाही विचार अवश्य करावा.